सिकंदराबाद : एका नावाचा प्रवास

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांत आपल्या मराठी मंडळींच्या अनेक पिढ्या नांदल्या. पत्राच्या मथळ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर आणि आगगाडीच्या तिकिटावर 'सिकंदराबाद' हा शब्द आपण हजारो वेळा लिहिला आणि वाचला. परंतु जो शब्द रोज डोळ्यांखालून जातो, त्याच्याकडे निरखून पाहण्याचे राहूनच जाते. हा सिकंदर कोण? याच नावाची दुसरी गावे जगात आहेत काय? असली तर त्यांचे आणि आपल्या शहराचे काही नाते आहे काय? न्यासाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या साध्या प्रश्नांचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. विषय वरवर शब्दांचा वाटला, तरी तो अखेर माणसांचा आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

आपला सिकंदर कोणता?

घरातल्या मुलांना विचारून पाहावे. 'जग जिंकायला निघालेला सिकंदर' असे उत्तर बहुधा मिळेल. ते उत्तर अर्धे खरे आहे. ग्रीक सिकंदराने दख्खनची भूमी कधी पाहिलीच नाही. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये तो पंजाबातील बियास नदीपर्यंत आला. तेथे त्याच्या थकलेल्या सैन्याने पुढे पाऊल टाकण्यास नकार दिला आणि त्याला परत फिरावे लागले. आपले शहर ज्याच्या नावाचे आहे, तो हैदराबादचा तिसरा निजाम सिकंदर जाह. त्याचे मूळ नाव मीर अकबर अली खान. १८०३ ते १८२९ ही त्याची कारकीर्द.

या शहराचा जन्म एका तहातून झाला. १७९८ मध्ये दुसरा निजाम, निजाम अली खान, याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्या वेळी निजामाच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची मोठी फौज होती आणि इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती वाटत होती. तह झाला, फ्रेंचांची फौज मोडली गेली आणि इंग्रजांच्या पलटणी हैदराबादेत आल्या. हुसेनसागराच्या उत्तरेस त्यांची छावणी पडली. छावणीच्या आश्रयाने बाजार आला, बाजाराच्या आश्रयाने घरे आली, आणि १८०६ मध्ये या वस्तीला निजामाच्या नावावरून 'सिकंदराबाद' हे नाव मिळाले.

येथे एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच १७९८ सालच्या जुलै महिन्यात नेपोलियन फौजेसह इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने जे शहर प्रथम घेतले, ते होते अलेक्झांड्रिया. म्हणजे या नावाच्या सर्वांत जुन्या शहरी फ्रेंच उतरत होते, त्याच वर्षी फ्रेंचांच्याच भीतीपोटी दख्खनमध्ये अशी एक छावणी पडत होती, जिला पुढे आठ वर्षांनी तेच नाव मिळायचे होते.

लोकांनी मात्र या वस्तीला आपल्या परीने आणखी एक नाव दिले : 'लष्कर'. आजही जुनी माणसे सिकंदराबादेस 'लष्कर' म्हणतात आणि आषाढात उज्जयिनी महाकालीच्या देवळात होणारा उत्सव 'लष्कर बोनालु' या नावानेच ओळखला जातो. ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांना हा शब्द परका नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वाढलेल्या शहराचे नाव 'लष्कर' असेच पडले. पुण्यातही छावणीचा भाग म्हणजे लष्कर. एक नाव दरबारातून आले, दुसरे बाजारातून, आणि दोन्ही टिकली. या दोन वाटा पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा भेटतील.

शब्दाची फोड

'सिकंदराबाद' या शब्दाचे दोन भाग आहेत. त्यांतला 'आबाद' फारसी. वस्ती असलेले, नांदते, भरभराटीचे, असा त्याचा अर्थ. मराठीने तो केव्हाच आपला केला. 'सगळे आबादीआबाद आहे' असे म्हणताना हा शब्द परका आहे, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

पहिल्या भागाचा उगम ग्रीक आहे. 'अलेक्झांड्रोस' हे ग्रीक पुरुषनाव. 'माणसांचे रक्षण करणारा' असा त्याचा अर्थ. हे नाव अरबी भाषेत गेले, तेव्हा दोन गोष्टी घडल्या. नावातील 'क्स' हा उच्चार उलटून 'स्क' झाला. आणि आरंभीचा 'अल' हा अरबीत नामापूर्वी येणारा 'अल' हा शब्दच आहे, अशी समजूत होऊन तो वेगळा पडला. राहिले 'इस्कंदर'. आरंभीचा 'इ' गळला आणि 'सिकंदर' झाला. मराठी बोलीने त्याचा 'शिकंदर' केला आणि ज्याचे दैव बलवत्तर त्याचे 'नशीब शिकंदर' असे म्हणण्याचा प्रघात पडला.

फारसीच्या पुष्कळ आधी हे नाव आपल्या देशात एकदा येऊन गेले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडील पाच यवन राजांची नावे आहेत. त्यांत एक 'अलिकसुदर' आहे. हा जगज्जेता सिकंदर नव्हे. त्याच्या नंतरच्या काळातला त्याच नावाचा दुसरा ग्रीक राजा. म्हणजे 'अलिकसुदर' आणि 'सिकंदर' ही एकाच नावाची दोन रूपे असून, एक थेट ग्रीकांकडून आले आणि दुसरे सुमारे हजार-दीड हजार वर्षांनी अरबस्तान-इराणमार्गे आले. पहिले दगडावर राहिले, दुसरे जिभेवर.

पहिली मोठी अलेक्झांड्रिया

गावाला राजाचे नाव देण्याची रीत सिकंदराच्या घराण्यात त्याच्या बापापासून होती. फिलिप राजाने थ्रेस प्रांतात 'फिलिपी' हे नगर स्थापिले होते. मुलाने बापाचा कित्ता गिरवला. सोळा वर्षांचा असतानाच त्याने थ्रेसमधील एक टोळी हटवून त्यांच्या गावाला आपले नाव दिले, असे प्लुटार्क सांगतो.

परंतु खरी कीर्ती मिळाली ती ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर स्थापिलेल्या अलेक्झांड्रियेला. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली होती. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस मरिओटिस सरोवर, समोर फारोस बेट आणि पाठीशी नाईल नदीचे सुपीक खोरे. राकोटिस नावाची एक वस्ती तेथे आधीपासूनच होती. नगराची आखणी करताना खडू पुरला नाही म्हणून सातूच्या पिठाने रेघा ओढल्या आणि पाखरांच्या थव्यांनी ते पीठ खाऊन टाकले, अशी कथा आहे. राजाला तो अपशकुन वाटला. पण ज्योतिष्यांनी सांगितले की, हे नगर अनेक देशांच्या लोकांना पोशील.

कथा खरी असो वा नसो, भाकीत खरे ठरले. सिकंदर स्वतः हे नगर उभे राहिलेले पाहू शकला नाही. ख्रिस्तपूर्व ३२३ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो बाबिलोन येथे मरण पावला. नगर वाढवले ते त्याचा सेनापती टॉलेमी व त्याच्या वंशजांनी. तेथे ग्रंथालय झाले, विद्वानांचा आश्रम झाला, फारोस बेटावर प्रसिद्ध दीपस्तंभ झाला. युक्लिडचे नाव याच नगराशी जोडले जाते. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनीस तेथील ग्रंथालयाचा प्रमुख होता. ग्रीक, इजिप्शियन आणि यहुदी लोक तेथे शेजारी राहिले. यहुद्यांच्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होण्यास आरंभ झाला तोही तेथेच. नाव राजाचे होते, पण त्या नावाला अर्थ दिला तो नावाडी, व्यापारी, पंडित आणि कारागीर यांनी.

हुकमाने वसलेली गावे

सिकंदराने सत्तराहून अधिक नगरे वसविली, असे प्लुटार्क लिहितो. आजचे अभ्यासक त्यांपैकी फार थोडी निश्चित मानतात. त्यांची संख्या डझनाच्या आसपासच भरते. त्यांतील बहुतेक पूर्वेस, म्हणजे आजच्या अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि पाकिस्तान या प्रदेशांत होती. हेरातजवळ एक, कंदहारजवळ एक, हिंदुकुश पर्वताच्या पायथ्याशी एक, चिनाब आणि सिंधू यांच्या संगमाकडे एक. सर्वांत दूरची सिरदर्या नदीच्या काठी होती. तिला 'टोकाची अलेक्झांड्रिया' असे म्हणत. तिचा तट सैनिकांनी वीस दिवसांत उभारला, अशी नोंद आहे.

तट वीस दिवसांत उभा राहतो. गाव वीस दिवसांत वसत नाही. या ठाण्यांत राहायला ठेवलेली माणसे कोण होती? भाडोत्री ग्रीक शिपाई, लढण्यास निरुपयोगी झालेले मॅसिडोनियन आणि आसपासचे स्थानिक लोक. ग्रीक शिपायांपैकी अनेकांना तेथे राहायचे नव्हते. राजा जिवंत होता तोवर ते भीतीने राहिले. त्याच्या मृत्यूची वार्ता पोचताच बॅक्ट्रिया व भोवतालच्या प्रांतांतील वीस हजारांवर पायदळ आणि तीन हजार घोडेस्वार घरची वाट धरून निघाले. ग्रीक चालीरीतींची आणि ग्रीक जीवनाची त्यांना ओढ लागली होती, असे इतिहासकार डायोडोरस सांगतो. पायथॉन नावाच्या सेनापतीला त्यांच्यावर पाठविण्यात आले. त्यांचा पराभव झाला; शस्त्रे खाली ठेवल्यावरही त्यांची कत्तल करण्यात आली. जगज्जेत्याच्या कहाणीत हे पान सहसा वाचले जात नाही. गाव वसविणाऱ्याचे नाव पाटीवर राहते; गावात कोंडलेल्यांची नावे कोठेच राहत नाहीत.

या पूर्वेकडील गावांचे पुढे काय झाले? हेरात पुन्हा आपल्या प्रांताच्या जुन्या नावाने ओळखले जाऊ लागले. मर्व्ह येथील अलेक्झांड्रिया नंतरच्या राजाने पुन्हा बांधून तिला 'अँटिओक' हे नाव दिले. आज तेही नाव तेथे नाही. सिरदर्याच्या काठचे गाव खुजंद म्हणून नांदत राहिले. गंमत अशी की, सोविएत राजवटीत १९३६ मध्ये त्या खुजंदालाही 'लेनिनाबाद' करण्यात आले. ग्रीकांनी दिलेले नाव गेले, रशियनांनी दिलेलेही सोविएत संघाबरोबर गेले. ताजिकिस्तानातील ते शहर आज पुन्हा खुजंद आहे. राज्यकर्ते बदलले की पाट्या बदलतात, पण तेथील आईने मुलाला शिकवलेले नाव बदलायला फार वेळ लागतो.

अलसंद आणि आपला दख्खन

अलेक्झांड्रियेचे नाव आपल्या प्राचीन वाङ्मयातही आहे. पाली भाषेत त्याचे रूप झाले 'अलसंद'. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. तुमची जन्मभूमी कोठे, असे नागसेन विचारतो तेव्हा राजा अलसंदाचे नाव सांगतो. सिंहली 'महावंसा'त यवनांच्या अलसंद नगरातून भिक्षूंचा मोठा संघ सिंहलद्वीपास महास्तूपाच्या पायाभरणीसाठी आल्याचे सांगितले आहे. हे अलसंद इजिप्तचे की हिंदुकुशाच्या पायथ्याचे, याविषयी पंडितांत मतभेद आहेत आणि दुसऱ्या पक्षाकडे अनेकांचा कल आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, सभापर्वातील सहदेवाच्या दिग्विजयात अंताखी, रोमा आणि यवनांचे पुर अशी नावे येतात. अंताखी म्हणजे अँटिओक, रोमा म्हणजे रोम. आणि यवनांचे पुर म्हणजे अलेक्झांड्रिया असावे, असे काही अभ्यासक मानतात.

नुसत्या नावापलीकडचा संबंधही होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात आपली दोन गावे येतात : पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला जाई. तेथून ते मोसमी वाऱ्यांबरोबर जहाजाने तांबड्या समुद्राच्या बंदरांत, तेथून उंटांवरून नाईलपर्यंत आणि नदीने अलेक्झांड्रियेच्या वखारीत पोचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. आपल्यापैकी अनेक कुटुंबे तिकडूनच येथे आली. त्या मुलखातील विणकऱ्यांनी विणलेले कापड मूळच्या अलेक्झांड्रियेच्या बाजारात जात होते, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही दिग्विजयापेक्षा मोलाची वाटते.

येथे वाचकांस एक इशारा देणे अवश्य आहे. नावांच्या अभ्यासात सारख्या आवाजाचा मोह फार मोठा असतो. गोव्यात चवळीच्या एका जातीला अळसांदे म्हणतात. कन्नडात चवळीला अलसंदे आणि तेलुगूत अलसंदलु म्हणतात. हा शब्द अलसंद नगरावरून आला, असे काही जण हौसेने सांगतात. कल्पना रम्य आहे. परंतु आवाज जुळला म्हणजे नाते सिद्ध झाले असे नव्हे. मधल्या काळातील लेखी दुवे सापडले पाहिजेत, रूप कसे बदलत गेले ते दाखविता आले पाहिजे. कंदहार हे नाव इस्कंदरावरून आले, असे पूर्वी पुष्कळदा लिहिले जाई; त्यालाही 'गांधार' वगैरे दुसऱ्या व्युत्पत्तींचा प्रतिपक्ष आहे. ज्याला आपल्या गावाच्या नावाचा शोध घ्यायचा असेल, त्याने हा संयम प्रथम शिकावा.

इराणच्या वाटेने आलेला सिकंदर

मग सिकंदराचे नाव हिंदुस्थानात पसरले कसे? तलवारीने नव्हे, कथेने. सिकंदराने इराणचे साम्राज्य बुडविले. म्हणून जुन्या पारशी धर्मग्रंथांत त्याला शापित म्हटले आहे. परंतु काळाच्या ओघात इराणी कवींनीच त्याला आपलासा केला. फिर्दौसीच्या 'शाहनामा'त तो इराणी राजवंशात बसविला गेला. बाराव्या शतकातील निजामी गंजवी या कवीने त्याच्यावर 'इस्कंदरनामा' रचला. त्यात तो शूर, ज्ञानी, सत्याचा शोध करणारा आदर्श राजा झाला. जेथे जेथे फारसी दरबार गेला, तेथे तेथे हा इस्कंदरही गेला.

म्हणून आपल्याकडे सिकंदर हे बिरुद झाले. १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी करणाऱ्या अलाउद्दीन खिलजीने पुढे आपल्या नाण्यांवर स्वतःला 'सिकंदर सानी', म्हणजे दुसरा सिकंदर, म्हणवून घेतले. दिल्लीच्या निजाम खान लोदीने १४८९ मध्ये तख्तावर बसताना सिकंदर हे नाव धारण केले. त्याच्या नावाने उत्तर प्रदेशात बुलंदशहराजवळ दुसरे सिकंदराबाद वसले, आणि आग्र्याजवळ सिकंदरा. या सिकंदऱ्यात पुढे अकबर बादशहाची कबर झाली. विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशाह. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि तो औरंगजेबाच्या कैदेत गेला. नशीब शिकंदर असायला नुसते नाव सिकंदर असून चालत नाही, याचे याहून करुण उदाहरण नाही. आणि आपला निजाम 'सिकंदर जाह', म्हणजे सिकंदराच्या तोलाची प्रतिष्ठा असलेला. त्याच्या कारकीर्दीत त्याच्याच नावाच्या शहरात इंग्रजांच्या पलटणी राहत होत्या आणि त्या फौजेसाठी त्याच्या वडिलांना मुलूख तोडून द्यावा लागला होता.

पश्चिमेकडील भावंडे

युरोप-अमेरिकेतही अलेक्झांड्रिया अनेक आहेत. पण त्यांतील थोड्यांचाच मूळ सिकंदराशी थेट संबंध आहे. तुर्कस्तानातील इस्केंदेरून हे बंदर ख्रिस्तपूर्व ३३३ च्या इससच्या रणक्षेत्राजवळ आहे आणि त्याचे नाव त्या जुन्या आठवणीतले आहे. उत्तर इटलीतील आलेस्सांद्रिया हे शहर मात्र ११६८ मध्ये वसले आणि त्याला नाव मिळाले पोप तिसरा अलेक्झांडर याचे. लोंबार्डीच्या नगरांनी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या विरोधात ते उभारले होते. सम्राटाने त्याला वेढा घातला. शहर हाती आले नाही. पुढे तह झाला तेव्हा त्याला 'सीझरिया' असे सम्राटाच्या मानाचे नाव देण्यात आले. ते थोडीच वर्षे टिकले. लोकांनी ज्या नावासाठी वेढा सोसला होता, तेच नाव परत आले.

रुमानियातील अलेक्झांड्रिया १८३४ मध्ये तेथील राजा अलेक्झांद्रू गिका याच्या नावाने वसले. ग्रीसमधील अलेक्झांड्रोपोली या शहराला १९२० मध्ये तेव्हाच्या ग्रीक राजाचे नाव मिळाले. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतातील अलेक्झांड्रिया १७४९ मध्ये वसले. ज्या अलेक्झांडर कुटुंबाच्या जमिनीवर ते उभे राहिले, त्याचे ते नाव. एक पोप, एक रुमानियन राजा, एक ग्रीक राजा, एक जमीनदार कुटुंब आणि एक निजाम : पाच निरनिराळ्या कारणांनी तेच नाव पाच ठिकाणी गेले. म्हणून दोन गावांची नावे सारखी दिसली, तर 'हे नाव कोणी दिले?' एवढे विचारून भागत नाही, 'कोणावरून दिले?' हेही विचारावे लागते. आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : 'ते कोणी चालविले?'

नाव टिकते कशाने?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'आबाद' या शब्दात आहे. इजिप्तच्या अलेक्झांड्रियेचाच दाखला घ्यावा. दीपस्तंभ भूकंपांनी कोसळला, जुने ग्रंथालय नाहीसे झाले, राजधानी दुसरीकडे गेली, कालवा गाळाने भरला. नेपोलियन उतरला तेव्हा तेथे जेमतेम काही हजारांची वस्ती उरली होती. १८२० मध्ये महंमद अली पाशाने नाईलपासून नवा कालवा पुरा केला आणि बंदर पुन्हा जागे झाले. आज तेथे पन्नास लाखांहून अधिक लोक राहतात. २००२ मध्ये जुन्याच्या आठवणीने नवे ग्रंथालय उघडले गेले. मधल्या वाईट दिवसांत जे काही हजार लोक गाव सोडून गेले नाहीत, त्यांनी हे नाव राखले. ते कोळी होते, हमाल होते, लहान दुकानदार होते. सिकंदरापेक्षा त्यांचे ऋण मोठे आहे.

आपल्या सिकंदराबादेचेही तसेच आहे. छावणीचे गाव म्हणून ते जन्मले; पण १८७४ मध्ये वाडीहून आगगाडी आली, बाजार वाढला, निरनिराळ्या भाषांचे लोक आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी याच शहरात रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि सिकंदराबादचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. सिकंदर जाहने नाव दिले. शहर आबाद केले ते तेलुगू, मराठी, तमिळ, उर्दू, कन्नड, गुजराती बोलणाऱ्या सामान्य माणसांनी.

आपल्या आडनावातील गाव

आता थोडे आपल्याविषयी. आपले पूर्वज येथे आले तेव्हा त्यांनी 'नवे पैठण' किंवा 'नवे नांदेड' वसविले नाही. ते राजे नव्हते. गावाला नाव देणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी आपले गाव आडनावात बांधून आणले. पैठणकर, नांदेडकर, बिदरकर, परभणीकर : एकेका आडनावात एकेक गाव शिदोरीसारखे बांधलेले आहे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, जेथे जेथे आपले लोक गेले, तेथे तेथे ही शिदोरी गेली. राजाने गावावर आपले नाव घातले. आपल्या माणसांनी स्वतःवर गावाचे नाव घातले. आम्हांस दुसरी रीत अधिक विनयाची वाटते.

परंतु जे अलेक्झांड्रियांचे झाले, ते आडनावांचेही होऊ शकते. ज्या 'कर'मागचे गाव कोणते, त्याची नदी कोणती, तेथले ग्रामदैवत कोणते आणि आपले कोण केव्हा तेथून निघाले, हे घरात कोणालाच सांगता येत नाही, ते आडनाव उभे असूनही ओसाड आहे. येत्या दहा-वीस वर्षांत हे सांगणारी पिढी आपल्यात राहणार नाही. म्हणून आमची सभासद कुटुंबांना विनंती आहे की, प्रत्येक घराने एका पानावर चार गोष्टी लिहून न्यासाच्या दप्तरी द्याव्यात : मूळ गाव, तेथून निघाल्याचे साल, निघण्याचे कारण आणि येथे प्रथम राहिलेली जागा. पान घरातल्या मुलाने किंवा मुलीने आजी-आजोबांना विचारून स्वतःच्या हाताने, मराठीत लिहावे. साल ठाऊक नसेल तर तर्काने भरू नये. जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढे कोणी भरू शकेल, चुकीचे साल मात्र खोडणारा कोणी भेटणार नाही.

नाव ठेवणे सोपे असते. सिकंदराने ते डझनभर ठिकाणी केले. ते नाव नांदते ठेवण्याचे काम मात्र नेहमीच दुसऱ्यांना, आणि पिढ्यान् पिढ्या, करावे लागले. आपल्या न्यासाच्या पाटीवरील नावांनाही हाच नियम लागू आहे. ज्या दात्यांची नावे आपण आदराने कोरली, त्यांनी आपले काम केले आहे. त्या नावांपुढे 'आबाद' लिहिण्याचे काम आपले आहे.